ट्रेबल खाणारं यंत्र

१० एप्रिल १९९८, शुक्रवार. पिंप्राळा, जळगाव

अभिमन आज धुळ्याहून यंत्र घेऊन आला. अभिमन म्हणजे माझा मेहुणा, आमच्या कलाबाईचा धाकटा भाऊ, आणि आमच्या लग्नाच्या बँडचा अर्धा मालक. वाजवणारे त्याचे, आवाजाचा टेम्पो माझा, अशी आमची वाटणी. तो म्हणाला, रोज यंत्राचं सेटिंग लिहून ठेवत जा. खताच्या कंपनीची एक डायरी कोरी पडली होती, ती काढली. सेटिंग लिहायचं तर चार बाकीच्या गोष्टीही लिहीन म्हणतो. शाई काही अभिमनच्या घरची नाही.

यंत्राचं नाव डिजिटल क्रॉसओव्हर. चपटं, लांबट, पुढे हिरवी पाटी, तिच्यावर आकडे. आवाज आत शिरला की त्याचे आकडे होतात म्हणे. मग यंत्र त्या आकड्यांचे तीन वाटे करतं. जाड आवाज खालच्या मोठ्या स्पीकरांना, मधला मधल्यांना आणि बारीक आवाज वरच्या हॉर्नला. प्रत्येकाचा ॲम्प्लिफायर वेगळा. वरून आणखी शहाणपण असं, की जो स्पीकर पुढे बसलाय त्याचा आवाज यंत्र क्षणभर धरून ठेवतं, म्हणजे सगळे आवाज वऱ्हाडापर्यंत एकदमच पोहोचतात. पंगतीत भातवाला आणि वरणवाला बरोबर यावेत तसं.

मी म्हटलं, ही वाटणी आमच्या पेटीतलं तांब्याचं कॉइल पंचवीस वर्षं गुपचूप करतंच आहे. त्यावर अभिमनने बहिणीदेखत मला ऐकवलं, "दाजी, मागला सीझनले तुम्ही तीन हॉर्न जाळात. आते आखो एक जळना ना, ते मशीनवर मी दुसरा माणूस बसाडसू. राग नका धरू."

राग नका धरू म्हणे! टेम्पोतली ती खुर्ची माझी आहे. ती गेली तर मी वरातीत काय करायचं, घोड्याला चारा घालायचा?

कलाबाईने यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. एवढी खूश ती मुलीच्या लग्नातही नव्हती. तिला यंत्रातलं काय कळतं, देव जाणे.

१२ एप्रिल

वरणगावला लग्न. नवरदेव फॅक्टरीतला. यंत्राचा पहिला दिवस, आणि मला ते आवडलेलं नाही. यंत्र ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, खातं. ढोलाचा दणका छान येतो, छातीत बसतो. पण झांज नाही, घुंगरू नाही, बेंजोची तार तर कुठे चरायला गेली कळत नाही. मी मिक्सरवर ट्रेबल वाढवला. यंत्रावर लाल दिवा लागला. आणखी वाढवला. दिवा लागलेलाच, आवाज आहे तिथंच.

अभिमन म्हणतो, तो लिमिटर. हॉर्नच्या आत नखाएवढ्या जाडीचाही नसलेला पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. त्याला झेपेल एवढंच लिमिटर पुढे जाऊ देतो. तुम्ही मिक्सरवर कितीही जोर करा, त्याच्यापुढे चालायचं नाही. म्हणजे आता मला यंत्राची परवानगी काढून वाजवायचं आहे.

पोरं मात्र तुफान नाचली. दोन्ही हात कानांवर ठेवून नाचत होती. नवीन फॅशन दिसते, टीव्हीवरून आली असेल.

१८ एप्रिल

वाजवायची सुपारी नव्हती म्हणून घरी होतो. घरात सगळ्याच वस्तूंनी संप केलाय. कुकरची शिट्टी बिघडली. मी शेजारी बसून पेपर वाचतोय आणि डाळ करपली. कलाबाई बाहेरून ओरडत आली. बाजारातून नवी शिट्टी आणली, तीही मुकी. हल्ली माल असा येतो.

चिमण्याही गेल्या पिंप्राळ्यातून. पूर्वी अंगणात सकाळी नुसता गोंधळ असायचा. आज तुळशीपाशी चार बसलेल्या दिसल्या, पण बिचाऱ्या गप्प. उन्हाळा कडक आहे.

शेजारच्या ताईबाई भांडायला आल्या, तुमचा टीव्ही आमच्या घरात लागतो म्हणे. मी म्हटलं, त्या बातम्या वाचणाऱ्या बाईला सांगा की तोंड उघडून बोल. ताईबाईंनी कलाबाईकडे पाहिलं, कलाबाईने ताईबाईंकडे पाहिलं. बायकांचं काही खरं नाही.

२९ एप्रिल, आखाजी

मुलगी प्रमिला अक्षय्य तृतीयेच्या सणाला आली. आमरस, पुरणपोळी, झोका, सगळं यथासांग. माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलं, आकडेवालं. म्हणे गजर लावला की वाजतं. पहाटे टेम्पो काढायला उपयोगी पडेल. रात्री लावून पाहिला, नाही वाजला. लेकीचं मन मोडू नये म्हणून म्हटलं, वा, फार गोड आवाज आहे. तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मी गजर लावलेलाच नव्हता," म्हणाली आणि आत गेली. मग दोघी मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत बसल्या. या घरात माझ्यासमोर कुजबुजायची पद्धतच पडून गेली आहे. चांगली सवय नाही.

९ मे

धुळ्याला मोठं लग्न. आज मी यंत्रावर मात केली.

सकाळपासून विचार करत होतो. मिक्सर यंत्राच्या मागे, म्हणून मिक्सरवर वाढवलेलं यंत्र अडवतं. पण ॲम्प्लिफायर? तो तर यंत्राच्या पुढे आहे! यंत्रातून निघालेला आवाज ॲम्प्लिफायरमध्ये जातो आणि तिथून हॉर्नला. म्हणजे ॲम्प्लिफायरचं बटण फिरवलं तर यंत्राला पत्ताही लागणार नाही. अभिमनने त्या बटणांवर चिकटपट्टी लावून ठेवली होती. मी ती हळूच काढली आणि हॉर्नचं बटण पूर्ण उजवीकडे नेलं.

काय सांगू! झांज आली. घुंगरू आलं. जवळजवळ महिन्याने मला बेंजोची तार ऐकू आली. लाल दिवा गरीब गाईसारखा विझून बसलेला. बेंजो वाजवणारा भटू मास्तर माझ्याकडे वळून दोन्ही हातांनी खुणा करत होता, एवढा रंगात आला. म्हाताऱ्या बाया घरात पळाल्या, बहुतेक नवरीला आणायला.

थोड्या वेळाने अभिमन वाजवणाऱ्यांतून धावत आला. "हॉर्न गया दाजी, बंद करा! बंद करा!" मी म्हटलं, काहीतरीच, वाजतोय की. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्या हातातून वायर ओढली.

नंतर उघडून पाहिलं तर डायफ्राम काळा पडून फाटलेला. मी म्हटलं, तुझ्या यंत्राने धरायला नको होतं का? "लिमिटरले काय माहीत तुम्ही पुढे काय करी राहिनात ते? ॲम्प्लिफायरनं बटण मी पट्टी लायीसन बांधेल व्हतं, त्यानावरच लिमिटरना हिशोब शे. ती पट्टी कोनी काढी?" मी म्हटलं, मला काय माहीत. ती पट्टी माझ्या शर्टाच्या बाहीला चिकटलेली होती.

खुर्ची गेली, असं धरून चालतो.

११ मे

अभिमन नवा डायफ्राम घेऊन घरी आला. अंगणात टेम्पो उभा करून बसवला. यंत्रात एक सोय आहे, त्यातून एकच सूर काढता येतो, बारीक पाहिजे तेवढा बारीक, आणि हिरव्या पाटीवर त्याचा आकडा दिसतो. त्याने दोन्ही हॉर्न तपासतो म्हणाला.

आकडा लावला दहा हजार. दोन्ही हॉर्न मेलेले. मी तसं सांगितलंही. तेवढ्यात टेम्पोखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं, आणि ओट्यावर कलाबाईने पदराने कान झाकले. अभिमन माझ्या तोंडाकडे पाहत होता. म्हणाला, "दाजी, ऐकू येस का?" मी म्हटलं, वाजला तर येईल. त्याने आठ हजार लावलं. मेलेलं. सहा. मेलेलं. पाच. चारला काहीतरी भास झाला. तीन हजाराला हॉर्न खणखणीत बोलला. मी टाळी वाजवली. म्हटलं, बघ, यंत्र थंड होतं. तापल्यावर चालू झालं.

अभिमन टेम्पोच्या फळीवर बसून राहिला. मी भांडायच्या तयारीत होतो, खुर्चीवरून काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. पण तो जाताना वाकून माझ्या पाया पडला. भाऊबीजेलाही न वाकणारा माणूस!

रात्री कलाबाईने शेवेची भाजी केली, माझ्या आवडीची, झणझणीत. कशाबद्दल, विचारलं तर म्हणे सहज.

१२ मे

आज मला कळलं.

सकाळी कुकर लावलेला होता. मी समोर बसून त्याच्याकडे पाहत होतो. शिट्टी वर उचलली गेली, वाफ सूं करून निघाली असणार, भिंतीपर्यंत गेली. आवाज नाही. कलाबाई अंगणातून आत आली आणि गॅस बंद केला. तिची पाठ होती कुकरकडे. तिने न बघता ऐकलं होतं.

मी घड्याळाचा गजर लावून तिच्या कानापाशी धरला. तिने मान हलवली. वाजतो. माझ्या कानाला लावला. नाही.

कुत्रं, पोरांचे कानांवरचे हात, भटू मास्तरच्या खुणा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मला फार वाईट वाटलं. लाज वाटली, त्याहून जास्त. दुनियेला मी आवाज विकतो आणि मलाच अर्धाच येतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"प्रमिलाच्या लग्नाआधीपासून." ती माझ्या समोर येऊन बसली. आता लक्षात आलं, ती नेहमी समोर येऊनच बोलते. मागून मला हाक मारल्याला वर्षं झाली असतील.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला एकदा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, तुझाच आवाज बसलाय, काढा पी." हे मात्र मी म्हटलं असेन.

मग तिने सांगितलं की ते यंत्र अभिमनच्या डोक्यातून निघालेलं नाही. तो तर मागच्या दिवाळीलाच दुसरा माणूस बसवायला निघाला होता. तिने त्याला अडवलं. "मी म्हटलं त्याला, यांचा हात काही थांबायचा नाही. हाताच्या पुढे थांबणारं काहीतरी शोध. मग तो मुंबईला जाऊन हे यंत्र घेऊन आला."

म्हणजे लिमिटर हॉर्नसाठी नव्हता. मी उठून अंगणात गेलो आणि बराच वेळ टेम्पो पुसत बसलो, पुसण्यासारखा नसताना.

२० मे

जळगावातल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानांवर टोप्या चढवल्या, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मग कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे सपाट, मग एकदम उतार. जाड आवाज शाबूत, बारीक गेले. गेलेले परत येत नाहीत, राहिलेले जपा, स्पीकरजवळ बसताना कानांत बुच घाला म्हणाले. मी विचारलं, माझ्यासाठी लिमिटर नाही का मिळत? डॉक्टर हसले. कलाबाई हसली नाही.

१४ जून

लग्नं संपत आली. मी एकाही सुपारीला गेलो नाही. खुर्चीवर अभिमनने धुळ्याचा एक शिकलेला माणूस बसवलाय. हॉर्न एकही जळला नाही म्हणे. न जळायला काय झालं, तो काही वाढवतच नसेल. मी घरी बसून कांदे निवडतो. कलाबाईला माझी निवड पसंत पडत नाही.

१९ जुलै

अभिमन आला. शिंदखेड्याजवळ त्यांच्या गावी भाऊबंदांची कानबाई देवी बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. सोमवारी मिरवणूक काढून नदीवर विसर्जन. दरवर्षी बँड आमचाच. म्हणाला, दाजी, चला.

मी म्हटलं, तुझा शिकलेला माणूस आहे की.

"तो हॉर्न वाचाडस, पन गानं मारी टाकस. क्लॅरिनेट कोठे उठस, बेंजो कोठे येस, त्याले काहीच ठावं नही. बठ्ठा गाव म्हनी राहिना, औंदा आवाज मेल शे. तुम्हले पंचवीस वरीसनी गानी तोंडपाठ शेतस."

"गाणी पाठ आहेत रे, कान नाहीत."

"कान आक्काना, हात तुम्हना. चालस का?"

मी काही बोलायच्या आत कलाबाई आतून म्हणाली, "चालस."

आणि अभिमनने जाताना अट घातली. कानबाईला हॉर्न जळला किंवा कोणी कान झाकले, तर खुर्चीचा विषय कायमचा संपला. मीही घरच्या देवीपुढे शब्द दिलाय, आता मागे जाता येत नाही.

२८ जुलै, नागपंचमी

अंगणात सराव. कानांत बुचं घालून बसतो, शेजारी कलाबाई स्टुलावर. ठरलं असं, की तिने माझ्या गुडघ्यावर एकदा दाबलं तर ट्रेबल कमी, दोनदा दाबलं तर जास्त. ॲम्प्लिफायरच्या बटणांवर मी माझ्या हाताने चिकटपट्टी लावली, वर धागा गुंडाळला.

सरावभर ती एकदाच दाबत होती. एकदा, एकदा, एकदा. मी म्हटलं, दोनदा दाबायचं तुला ठाऊक आहे ना? म्हणाली, वेळ येईल तेव्हा दाबेन. माझ्या अंदाजाने आवाज पार मेलेला, चिखलात बुडालेला. मी चिडून बुच काढून फेकलं. तिने ते शोधून आणलं, पदराने पुसलं आणि परत माझ्या कानात घातलं. ताईबाई कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "आज गाणं किती छान येतंय हो!" त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाला चांगलं म्हटलं.

३ ऑगस्ट, सोमवार

रात्रीचं लिहितो, पण आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

काल कानबाई बसली. रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा सैपाक, सगळे भाऊबंद एका घरात, पाय ठेवायला जागा नाही. आज सकाळी देवी डोक्यावर घेऊन मिरवणूक निघाली. पुढे बाया, मग वाजवणारे, मागे आमचा टेम्पो. टेम्पोत बाईमाणूस बसलेलं बघून गावातली पोरं हसली. कलाबाईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की हसू गिळून पुढे गेली.

तिचा हात माझ्या गुडघ्यावर. एकदा. एकदा. गाणं बदललं, बेंजो येणार हे मला ठाऊक, मी आधीच मिड, म्हणजे मधला आवाज, खाली घेऊन जागा केली, तर चक्क दोनदा दाबलं. मी ट्रेबल वर नेला. लाल दिवा लुकलुकला आणि विझला. पुढे भटू मास्तरने वळून बघितलं, आणि या वेळी हातवारे नाहीत, नुसतं हसला. पोरं नाचत होती, हात हवेत. मी प्रत्येक वळणावर त्यांचे हातच बघत होतो.

नदीवर पोहोचल्यावर अभिमनने बँड थांबवला. दरवर्षी इथे बाया देवीचं गाणं म्हणतात आणि दरवर्षी आमच्या आवाजात ते कोणाला ऐकू जात नाही. या वर्षी त्याने माईक बायांच्या हातात दिला. झुंबरबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी, तिने सुरुवात केली. तिचा आवाज बारीक. मला तिचे ओठ हलताना दिसले, एवढंच. कलाबाईने दोनदा दाबलं, पुन्हा दोनदा. समोरच्या माणसांनी टोप्या सावरल्या आणि उभी राहिली ती हललीच नाहीत.

मग खालून बाया हाका मारायला लागल्या. माहेरवाशीण गाण्यात नको का? कलाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जा. ती उतरून गेली आणि माझे कान माझ्या शेजारून उठून गेले.

आता काय करायचं? गुडघा रिकामा. मला वाटत होतं ट्रेबल कमी आहे, हात शिवशिवत होता. मला तर जन्मभर कमीच वाटणार. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसलो.

झुंबरबाईने माईक कलाबाईच्या तोंडापुढे धरला. आमच्या कलाबाईचा आवाज जाड. लग्नात माझ्या आत्याने नाक मुरडलं होतं, नवरीचा गळा पुरुषी आहे म्हणून, आणि तेव्हापासून ती चारचौघांत गात नाही. आज गायली. मला पहिल्या शब्दापासून ऐकू आलं. एकही अक्षर सुटलं नाही. बुचं कानांत, हात मांडीखाली, आणि तिचा सगळाच्या सगळा आवाज माझ्यापर्यंत आला. मला रडू आलं. ते मी पुसलं नाही, कारण हात मोकळे करायची भीती वाटत होती.

देवी पाण्यात गेली. झुंबरबाई टेम्पोपाशी येऊन म्हणाली, "आज गानाना शबद समजनात रे भाऊ." अभिमन मागेच उभा होता. खुर्चीबद्दल काहीच बोलला नाही, नुसतं म्हणाला, "दाजी, पोळ्याले धुळ्याले सुपारी शे. आक्काले बी संगे लई या."

कलाबाई वर चढून आली, ओल्या पायांनी. स्टुलावर बसली. तोंड माझ्यासमोर आणून विचारलं, "कसं झालं?"

"सगळं ऐकू आलं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

खालून अभिमनने परतीचं गाणं सुरू करायची खूण केली, मी हात मांडीखालून काढले, आणि तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.